गाऊट असताना स्कूबा डायव्हिंग: मृगापासून संक्रांतीपर्यंतची तयारी

वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या आधी एक ओळखीचा शेतकरी काउंटरवर आला, उजव्या पायातली चप्पल हातात घेऊन. "भाऊ, पंधरा दिवसानं मालवणले चाललो पोरांसंगं. पाण्याखाली उतराचं हाय, ते स्कूबा का काय म्हणते ते. पण हा अंगठा ठणकून राहिला. वाताच्या गोळ्यांचे दोन पत्ते देऊन ठेवा, तिकडं भेटल्या न भेटल्या."

मी त्याला गोळ्या दिल्या नाहीत. स्टूल दिलं, पाणी दिलं आणि अर्धा तास त्याच्याशी बोलत बसलो. चार वर्षांपूर्वी मी हीच चूक केली होती आणि त्यापायी मालवणातली एक अख्खी रात्र तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून काढली होती. त्या अर्ध्या तासात त्याला सांगितलेलं आणि सांगायचं राहून गेलेलं, दोन्ही इथे लिहितो. औषधांचे डोस कळावेत म्हणून दिले आहेत. ते ठरवायचे मात्र डॉक्टरांनीच.

आधी सरळ उत्तर: उतरता येतं का?

येतं. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात बसून येणारं दुखणं, आहे एवढ्या एका कारणासाठी कुणाला डायव्हिंग बंद करावं लागत नाही. गाऊटमुळे पाण्याखालचे आजार वाढतात असंही सिद्ध झालेलं नाही. अडचणी वेगळ्या आहेत. पहिली, घरापासून हजार किलोमीटरवर ऐन वेळी अंगठा सुजू शकतो, आणि प्रवास, ऊन, मासे, दारू या चारही गोष्टी त्याला आमंत्रणच देतात. दुसरी, गाऊटच्या सोबतीने बहुतेक वेळा ब्लडप्रेशर, साखर, मूत्रपिंडाची कुरकुर आणि हृदयाचा त्रास येतो, आणि पाण्याखाली जीवावर बेततं ते यातल्या हृदयामुळे. तिसरी अडचण सगळ्यात कमी लोकांना माहीत असते: डायव्हनंतर सांधा दुखू लागला तर तो गाऊट आहे की 'बेंड्स' (खोलीवरून वर आल्यावर रक्तात सुटणाऱ्या बुडबुड्यांचा आजार), हे ओळखणं अवघड होऊन बसतं. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण मी तिथेच अडकलो होतो.

तुमचा 'वात' खरंच गाऊट आहे का?

आपल्याकडे सांधा दुखला की वात. चिकुनगुनियानंतरचं दुखणं वात, आमवात वात, गुडघ्याची झीजही वातच. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानेही सांधे आखडतात. म्हणून आधी नाव पक्कं करा.

गाऊटची चाल ठरलेली असते. रात्री झोपेपर्यंत माणूस धडधाकट, आणि पहाटे दोन-तीनला पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी आग. काही तासांत सांधा लालबुंद, गरम आणि वांग्यासारखा तुकतुकीत होतो. अंगावरची चादर त्याला लागली तरी सहन होत नाही. औषध नाही घेतलं तरी आठवडा-दोन आठवड्यांत सगळं ओसरतं आणि माणूस विसरून जातो. अंगठ्याखेरीज घोटा, पाऊल, गुडघाही धरतो.

रक्तातलं युरिक ॲसिड दर १०० मिलिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की शरीराच्या तापमानाला ते विरघळलेलं राहू शकत नाही. त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात. अंगठा शरीराच्या टोकाला, म्हणून तुलनेने थंड. तिथे ते आधी जमतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ऐन झटक्यात केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. तो आकडा बघून 'गाऊट नाही' म्हणू नका, दुखणं उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. आणि नुसता आकडा वाढलेला असेल, पण सांधा एकदाही धरला नसेल, तर तो गाऊट नव्हे. शंकाच असेल तर सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणं ही पक्की परीक्षा. आपल्या भागात सेवाग्राम, सावंगी, नागपूर इथल्या मोठ्या रुग्णालयांत विचारपूस करता येते.

मृग ते पोळा: औषध बसवायचे दिवस

हंगाम माझ्या डोक्यात शेतीच्या हिशोबाने बसला आहे, म्हणून तसाच सांगतो. संक्रांतीनंतर मालवणला जायचं असेल तर सुरुवात मृगात करा. सात-आठ महिने कशाला, असं वाटेल. कारण असं की युरिक ॲसिड कमी करणारं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके उलट वाढतात. जुने स्फटिक विरघळू लागले की सांधा चिडतो. गोळी सुरू करून महिन्याभरात समुद्र गाठणारा माणूस नेमका या चिडलेल्या दिवसांत सापडतो.

यातलं जुनं आणि स्वस्त औषध ॲलोप्युरिनॉल. ते शोधण्यात वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ सालचं नोबेल मिळालं. डॉक्टर ते साधारण रोज १०० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर ५० पासून, आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासून डोस वाढवतात. लक्ष्य एकच: युरिक ॲसिड ६ च्या खाली. कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटावर पांढऱ्या गाठी आल्या असतील तर ५ च्या खाली. काहींना फेबुक्सोस्टॅट दिलं जातं. हृदयविकार असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. पहिले तीन ते सहा महिने झटका येऊ नये म्हणून जोडीला कोल्चिसिनची छोटी गोळी देतात.

काउंटरवर रोज दिसणाऱ्या चुका सांगतो. दुखणं थांबलं की लोक ॲलोप्युरिनॉल बंद करतात, आणि पुन्हा दुखलं की सुरू करतात. हे औषध दुखण्यावरचं नाहीच. रोज, वर्षानुवर्षं घ्यायचं आहे. चालू असताना झटका आला तरी ते थांबवायचं नाही. अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, ताप आला तर मात्र त्याच क्षणी बंद करून डॉक्टर गाठायचा, कारण ती ॲलर्जी क्वचितच होते पण जीवघेणी ठरू शकते. कोल्चिसिन चालू असताना घसा-छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन कुणी लिहून दिलं तर आधीची गोळी दाखवा. दोन्ही एकत्र धोक्याची. ब्लडप्रेशरच्या गोळीच्या नावापुढे 'एच' अक्षर असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, लघवी वाढवणारं. त्याने युरिक ॲसिड चढतं. स्वतःहून सोडू नका, पण बदलता येईल का ते नक्की विचारा.

दर पंधरा दिवसांनी घेतलं जाणारं 'वाताचं इंजेक्शन' हा माझ्या काळजीचा विषय आहे. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक असतं. तासाभरात माणूस चालायला लागतो, आणि आत स्फटिक आहेत तिथेच आहेत.

आणखी एक. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं हे खरं, पण गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम मोजून घातलेलं असतं, कंदात किती ते कुणी सांगू शकत नाही. कळलावीच्या कंदाने माणसं दगावतात. उगाळून पिण्याच्या भानगडीत पडू नका.

पोळ्यापर्यंत आकडा ६ च्या खाली आला, तर तुम्ही वेळेवर आहात.

दसरा-दिवाळी: फॉर्म आणि डॉक्टर

डायव्हिंग दोन तऱ्हेचं असतं. एक, पर्यटकांची साधी बुडी: प्रशिक्षक तुम्हाला धरून थोड्या खोलीवर नेतो, फोटो काढतो, वर आणतो. दुसरं, प्रमाणपत्राचा कोर्स: पोहण्याची परीक्षा, चार-पाच दिवस, १८ मीटरपर्यंत खोली. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग संस्था आहे, खाजगी मंडळीही बरीच आहेत. बहुतेक वाचक पहिल्या तऱ्हेचे असतील, पण तयारी दुसऱ्या तऱ्हेची करा.

कोर्ससाठी जगभर एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. २०२० च्या नमुन्यात दहा प्रश्न आहेत आणि गाऊट हा शब्द त्यात शोधूनही सापडणार नाही. तरी चार प्रश्न तुमचेच आहेत. दुसरा: वय ४५ च्या वर आहे का? असेल तर धूम्रपान, कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर, घरातला हृदयविकार यांची विचारणा पुढे येते. तिसरा: १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालणं किंवा न थांबता २०० मीटर पोहणं जड जातं का, किंवा गेल्या बारा महिन्यांत प्रकृतीमुळे नेहमीच्या हालचाली थांबल्या होत्या का? आठ दिवस अंथरुणाला खिळला असाल तर उत्तर 'होय'. नववा पोटाच्या तक्रारींचा, त्यात अलीकडचे जुलाबही धरले आहेत, आणि कोल्चिसिनने जुलाब होतात. दहावा: डॉक्टरांनी लिहून दिलेलं कुठलं औषध चालू आहे का? रोज ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्याचं उत्तर 'होय'.

'होय' म्हणजे नकार नव्हे. डॉक्टरांनी तपासून सही करायची, एवढंच. मी त्या वेळी सगळीकडे 'नाही' लिहिलं होतं. मालवणात सकाळी आठ वाजता, बोट सुटायच्या घाईत, डॉक्टरांची सही आणणार कुठून? म्हणून तो कागद दिवाळीतच मागवून घ्या आणि आपल्या फिजिशियनकडे घेऊन जा. सोबत युरिक ॲसिड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्त तपासणी), साखर, ब्लडप्रेशरची नोंद आणि ईसीजी न्या. पोटाची सोनोग्राफी झाली असेल तर तीही, कारण गाऊटवाल्यांना मूतखडे होतात आणि दहा मीटर खाली कळ उठणं फार वाईट. डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: माझं हृदय ही मेहनत झेपवेल का, आणि तिकडे झटका आलाच तर मी काय घ्यायचं? दुसऱ्याचं उत्तर कागदावर लिहून घ्या. मूत्रपिंड ठीक नसेल, ॲसिडिटीने रक्त पडलेलं असेल किंवा हृदयविकार असेल तर नेहमीच्या सूज-दुखीच्या गोळ्या चालत नाहीत, मग दुसरा मार्ग तिथेच ठरतो.

वेचणीचे दिवस: पाय तयार करणं

कापूस वेचणी चालू असते, शेतात खेटे असतातच, म्हणून वेगळा व्यायाम कशाला असं म्हणू नका. शेतातलं चालणं थांबत-थांबत होतं. कालव्याच्या रस्त्यावर १.६ किलोमीटर मोजून ठेवा आणि घड्याळ लावून चाला. १४ मिनिटांत दम न लागता झालं पाहिजे.

मग अंगठ्याची परीक्षा. भिंतीला हात लावून टाचा उचला आणि चवड्यांवर वीस वेळा वर-खाली व्हा. पाठीवर वेचणीच्या गाठोड्याएवढं वजन घेऊन शिडीच्या चार पायऱ्या चढा. समुद्रातून बोटीवर चढताना हेच करायचं असतं: रिकामं सिलिंडरच साधारण १४ किलोचं, वर जॅकेट आणि शिशाची वजनं, पायाखाली ओली गोल शिडी, आणि सगळा भार अंगठ्याच्या बुडाशी. हे करताना टोचलं तर अजून वेळ आहे असं समजा. सिलिंडर पाण्यातच उतरवून वर देण्याची सोय होते. आपल्याला तीच हवी असं आधी सांगून ठेवा.

फिन्सचं, म्हणजे पोहताना पायात घालायच्या रबरी पंखांचं, बोलतो. चपलेसारखी पूर्ण पावलात बसणारी फिन अंगठ्याला करकचून धरते. मागे पट्टा असलेली, आत रबरी बूट घालून वापरायची फिन गाऊटवाल्याला बरी; बूट ऊबही देतो. मोठ्या मापाची मागा.

पोहणं येत असेल तर उत्तम. आमची पिढी विहिरीतच शिकली. फक्त पाण्याखाली श्वास कोंडून किती वेळ राहतो याची पैज विहिरीत लावू नका. ती सवय स्कूबाच्या अगदी उलट आहे, कारण तिथे श्वास कधीच रोखायचा नसतो.

माझा स्वतःचा नियम असा: शेवटचा झटका पूर्ण ओसरून दोन महिने झाले नसतील तर तिकीट काढायचं नाही. गाठ फुटून पांढरं येत असेल तर ती भरेपर्यंत खाऱ्या पाण्यात पाय घालायचा नाही.

प्रवासातच अर्धा झटका तयार होतो

विदर्भातून मालवण म्हणजे रेल्वेने किंवा गाडीने जवळपास एक दिवस आणि रात्र. आपली माणसं, विशेषतः वयस्क, प्रवासात पाणी पीत नाहीत, लघवीला उठावं लागतं म्हणून. वीस तास पाय लोंबकळत, पाणी नाही, चहा-फरसाणावर दिवस, उतरल्यावर थंडगार गोड बाटली. युरिक ॲसिडचा बराचसा भाग मूत्रपिंडांतून बाहेर पडतो. लघवी गडद आणि थोडी झाली की तो आतच साचतो. गोड शीतपेयांतली फ्रुक्टोज साखर ते आणखी वाढवते.

म्हणून दोन लिटरची बाटली हाताशी, दर तासाला काही घोट, आणि लघवी फिकट पिवळी राहते का यावर लक्ष. हृदय-मूत्रपिंडामुळे पाण्यावर बंधन असेल त्यांनी डॉक्टरांच्या मापाने प्या. पोहोचल्याच्या दिवशी डायव्ह ठेवू नका. एक रात्र झोपा.

मालवणचं ताट

लोक गाऊटवाल्याचं वरण तोडतात आणि मटण चालू ठेवतात. हे उलटं आहे. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांचा बारा वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांस आणि समुद्री अन्न जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, प्युरिन (शरीरात ज्याचं युरिक ॲसिड बनतं ते) असलेल्या भाज्या-डाळींनी वाढला नाही, आणि दूध-दुभत्याने कमी झाला. तेव्हा तुरीचं वरण, झुणका, ताक बिनधास्त खा. मालवणात अडचण बांगडा, तारली, तिसऱ्या (शिंपले) आणि कोलंबीची. डायव्हच्या आदल्या दिवशी हे टाळा, सोलकढी आणि भात खा. शेवटची बुडी होऊन दिवस उलटला की बांगड्याचा एक तुकडा चाखा. दारू, त्यातही बीअर, पूर्ण वर्ज्य, डायव्हच्या आधी आणि नंतरही. यात मी सूट देणार नाही.

बुडीच्या दिवशी

सकाळी उठल्यावर दोन्ही अंगठे, घोटे, गुडघे हाताने चाचपून बघा आणि मोबाईलवर फोटो काढा. थोडीही कुणकुण असेल, अंगठा जड वाटत असेल, तर त्या दिवशी उतरायचं नाही. दुखीची गोळी खाऊन उतरणं तर अजिबात नाही. गोळी दुखणं झाकते, आणि वर आल्यावर तेच दुखणं आपल्याला नीट ओळखायचं असतं. कोल्चिसिनने पोट बिघडलं असेल तरी सुट्टी.

प्रशिक्षकाला स्वच्छ शब्दांत सांगा: "मला गाऊट आहे, या-या सांध्यांत येतो, शेवटचा झटका अमुक महिन्यात, ही औषधं चालू आहेत." मग त्याला विचारा, बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि प्रेशर चेंबर लागलाच तर कुठे नेणार? रक्तातले बुडबुडे पुन्हा विरघळवणारे असे चेंबर मोजक्याच ठिकाणी आहेत. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात ही सोय आहे. ज्याच्याकडे या दोन प्रश्नांची उत्तरं तयार नाहीत, त्याच्यासोबत उतरू नका.

पाण्यात शिरलं की शरीर जास्त लघवी तयार करतं. बाहेरच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, आणि शरीराला वाटतं की पाणी जास्त झालं. वर सिलिंडरची हवा कोरडी, वेटसूटमध्ये (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखात) बोटीवर घाम, आणि बोट लागली तर उलट्या. कोरडं पडलेलं शरीर गाऊटला आवडतं आणि डायव्हरला घातक असतं. दोन डायव्हमध्ये अर्धा लिटर पाणी प्याच. कानातला दाब सोडणं, हळू वर येणं हे प्रशिक्षक शिकवतीलच. ते लक्ष देऊन ऐका.

त्यानंतरचे चोवीस तास

आता त्या रात्रीबद्दल. कोर्सचा शेवटचा दिवस होता, दोन डायव्ह झाले, दुसरा जवळपास १७ मीटरचा. रात्री दहाला डावा गुडघा आतून दुखू लागला. अंगठा नव्हे, गुडघा. आणि माझा गाऊट तोवर कधी गुडघ्यात आलाच नव्हता. लाली नाही, सूज नाही. खोलीतल्या सोबत्याने प्रशिक्षकाला उठवलं. त्याने फॉर्म काढला: सगळीकडे 'नाही'. त्याच्या दृष्टीने मी निरोगी माणूस, दिवसातून दोनदा खोल गेलेला, आणि आता सांधा दुखतोय. त्याने लगेच मला आडवं केलं, ऑक्सिजन लावला आणि फोनाफोनी सुरू केली. मास्कच्या आतून मी गाऊट म्हणत होतो, आणि तो म्हणाला, "काका, हे सकाळी का नाही सांगितलंत?"

बेंड्स म्हणजे काय ते समजून घ्या. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात-मांसात जास्त विरघळतो. झपाट्याने वर आलं, किंवा फार वेळ खोल राहिलं, की तो बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. पॉल बेर यांनी १८७८ साली हे कारण दाखवून दिलं, आणि १९०८ मध्ये हॉल्डेन यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं दिली. या बुडबुड्यांचं सर्वात नेहमीचं लक्षण म्हणजे सांधेदुखी. बहुतेकांना ते पहिल्या सहा तासांत जाणवतं, काहींना चोवीस तासांपर्यंत.

फरक असे. बेंड्सचं दुखणं खोल, बोथट, जागा नेमकी न सापडणारं. खांदा आणि कोपर जास्त, गुडघाही. वरून सांधा साधा दिसतो, हात लावल्याने फारसं वाढत नाही. गाऊटचं दुखणं पायाकडचं, सांधा गरम, लाल, सुजलेला, स्पर्श नको-नकोसा. बेंड्ससोबत इतर खुणा असू शकतात: हातापायाला मुंग्या, बधिरपणा, कातडीवर जाळीदार डाग, चक्कर, पाय लटपटणं, लघवी अडकणं, कारण नसताना गळून जाणं. यातली एकही खूण असली तर गाऊटचा विचार बाजूला ठेवून धावायचं.

पण गाऊटच्या पहिल्या दोन-चार तासांत लाली आलेली नसते. त्या वेळी दोन्ही दुखणी सारखीच वाटतात, आणि उपचाराला उशीर झाला तर नुकसान बेंड्समध्ये जास्त. म्हणून नियम असा: डायव्हनंतर चोवीस तासांत सुरू झालेलं नवं दुखणं हे बेंड्सच धरायचं, डॉक्टर नाही म्हणेपर्यंत. आडवं व्हा, ऑक्सिजन घ्या, शुद्धीवर असाल तर पाणी प्या, प्रशिक्षकाला आणि १०८ ला कळवा. बरं वाटावं म्हणून पुन्हा पाण्यात उतरू नका, गोळी खाऊन झोपू नका. पाच-सात मीटरवर पंधरा मिनिटं केलेल्या साध्या बुडीनंतर बेंड्सची शक्यता अगदी थोडी असते हे खरं, तरी ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

माझ्या गुडघ्याला ऑक्सिजनने काडीचा फरक पडला नाही. पहाटेपर्यंत तो गरम होऊन फुगला. सकाळी डॉक्टरांनी सुईने गढूळ पिवळं पाणी काढलं, आणि ते गाऊटचंच निघालं. आधी सांगितलं असतं तरी ऑक्सिजन लागलाच असता, पण मग डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला निम्मी माहिती मिळाली असती, आणि त्या पोराला रात्रभर जीव मुठीत धरून बसावं लागलं नसतं.

परतीचा घाट

हे आपल्याकडच्या माणसाला कुणी सांगत नाही. मालवण समुद्रसपाटीला, आणि घरी यायला घाट चढावा लागतो. आंबोली सुमारे सातशे मीटर उंच आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणजे शरीरात उरलेल्या नायट्रोजनला बुडबुडा व्हायला सोपं. विमानासाठी ढोबळ नियम असा की एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्हनंतर किमान १८ तास थांबावं. सहाशे मीटरच्या वर जाणाऱ्या घाटालाही मी हाच नियम लावतो. दुपारी डायव्ह आणि संध्याकाळी गाडी काढून कोल्हापूरच्या दिशेने, असं करू नका. एक रात्र तिथेच राहा, सकाळी सांधे पुन्हा चाचपा, कालच्या फोटोशी ताडून बघा आणि मग निघा.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी युरिक ॲसिड तपासा. ॲलोप्युरिनॉल प्रवासात किती दिवस चुकलं ते डॉक्टरांना खरं सांगा.

दिवाळीआधी चप्पल हातात घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्याने तेव्हाचं मालवण रद्द केलं. पोरं गेली, तो गेला नाही. औषध नेटाने घेतो आहे, आणि परवाचा त्याचा रिपोर्ट ५.६ आला. प्रश्नावलीची प्रिंट मी त्याला दुकानातच काढून दिली. काउंटरवर ठेवून त्याने ती भरली, आणि दहाव्या प्रश्नापुढे माझ्याच पेनाने 'होय' लिहिलं.